बिनलेबलची बाटली

"ओघळलं," साखळकर मॅडम म्हणाल्या.

बोटाएवढी काचेची बाटली त्यांनी पालथी धरली होती. आतलं द्रावण पाण्यासारखं पातळ होतं आणि झाकणापाशी येऊन थांबलं होतं. त्यांनी बाटली सरळ केली, द्रावण खाली गेलं. पुन्हा पालथी केली, पुन्हा वर आलं. मग त्यांनी दुसरी उचलली, तिसरी उचलली, अशा सहाव्या बाटलीपर्यंत गेल्या.

"सहाही," त्या म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला आणि सरांकडे पाहिलं. "खरवंडीकर, आता काय म्हणायचं?"

पुणे, चार एप्रिल २००१, बुधवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. वेळ पाठ आहे, कारण समोरच्या घड्याळाकडे बघण्यावाचून मला दुसरं काही सुचत नव्हतं. प्रबंध टाईप होऊन तयार होता, जूनमध्ये द्यायचा होता, आणि त्यातली पाचपैकी चार प्रकरणं त्या सहा बाटल्यांवर उभी होती.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे घोटाळा नीट कळेल. बाकीचे केमिस्ट रेणू एकमेकांना जोडतात. आम्ही जोडत नसू. आम्ही असे रेणू घडवायचो की ते आपले आपण एकमेकांना शोधून काढतील आणि रचून बसतील. माझा रेणू चपटा होता, चकतीसारखा. टोल्यूइनमध्ये, म्हणजे एका द्रावकात, गरम करून विरघळवला आणि थंड होऊ दिला, की चकत्या एकावर एक चढायच्या, त्यांचे धागे व्हायचे, धाग्यांचा गुंता व्हायचा आणि सगळं द्रावण थिजून त्याचं जेल होऊन बसायचं. मग बाटली पालथी करा, एक थेंब हलायचा नाही. आमच्या धंद्यात हीच पहिली परीक्षा. कुठलंही मशीन त्यानंतर. घरी मिरजेला गेले की आई विचारायची, "ते आपले आपण चढतात, मग तू काय करतेस?" मी म्हणायची, "बसून राहते." त्यावर ती वडिलांना म्हणायची, "अहो ऐकलंत का, बसून राहण्याची पीएचडी निघाली आहे."

आमचा पेपर आदल्या वर्षी छापून आला होता. त्यात एक वाक्य होतं : द्रावण बारा तासांत थिजतं. साधं वाक्य. त्या वाक्यावर बंगलोरच्या साखळकर मॅडमनी आपली एक विद्यार्थिनी कामाला लावली. तिच्याकडे काही थिजेना. पहिलं पत्र आलं तेव्हा सरांनी सविस्तर कृती लिहून पाठवली. दुसरं आलं तेव्हा मी बनवलेल्या रेणूची पूड पाठवली. तीही तिथे थिजेना. तिसरं पत्र चार ओळींचं होतं : "मी स्वतः येते. तुमच्या मुलीच्या हातून होताना बघते. झालं तर माफी मागून जाईन. नाही झालं तर पेपर मागे घ्यावा लागेल, आणि ते तुम्हीच केलेलं बरं."

म्हणजे सरळ होतं. बाटली पालथी केल्यावर आतलं जागचं हललं नाही तर मी डॉक्टर चारुलता मगदूम, आणि ओघळलं तर खोटे आकडे लिहिणारी बाई. मधलं काही नव्हतं.

आमचे खरवंडीकर सर म्हणजे दोन नियमांचा माणूस. पहिला नियम : बाटली फेकायची नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला आल्या दिवशी चोवीस बाटल्या मिळायच्या, तळाशी हिऱ्याच्या पेन्सिलने नंबर कोरलेल्या, आणि त्याच धुऊन धुऊन पीएचडी होईपर्यंत वापरायच्या. धुवायचं काम वाघमोडेमामांचं. मामा लॅब अटेंडंट, सरांपेक्षा चार वर्षांनी मोठे आणि सरांना न घाबरणारे एकमेव. दुसरा नियम : लेबल नसलेली बाटली टेबलावर राहता कामा नये, आणि जे केलं ते त्याच दिवशी वहीत. संध्याकाळी सर वही मागवायचे, वाचायचे, आणि खाली बारीक अक्षरात लिहायचे, "पाहिलं. द. ग. ख." चार वर्षांत एक दिवस चुकलं नव्हतं.

दुसऱ्या नियमाला कारण होतं. माझ्या आधी एका मुलाने बिनलेबलची बाटली मोरीपाशी ठेवली होती. मामांनी ती पाणी समजून ओतली, आणि आतल्या ॲसिडने त्यांचा उजवा अंगठा भाजला. त्या अंगठ्याला नख कधी सरळ आलंच नाही. सरांनी त्या मुलाला सहा महिने लॅबच्या दारात उभं केलं नाही. ही गोष्ट प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितली जायची, अंगठ्यासकट.

आता मी काय करून ठेवलं ते ऐका. मॅडम येणार म्हटल्यावर मी आठ दिवस कंबर कसली. कुणी बोट ठेवायला जागा राहता कामा नये. होती नव्हती तेवढी सगळी पूड एकत्र केली, गरम करून विरघळवली, दोनदा गाळली, पुन्हा शुद्ध केली. पूड काढायचे स्पॅच्युले, काचकांड्या, फनेल, सगळं ॲसिडच्या टबात रात्रभर बुडवून ठेवलं. माझ्या चोवीस बाटल्याही त्याच टबात गेल्या. तरी समाधान होईना, म्हणून सरांकडून कपाटाची किल्ली घेतली आणि कोऱ्या बाटल्यांचा सीलबंद खोका फोडला.

मामा हे सगळं मोरीपाशी उभे राहून बघत होते. "ताई, मुलगी बघायला येणार आहेत का?"

"तसंच समजा."

"मग माझ्या हातच्या धुतलेल्या बाटल्या चालेनात व्हय? चार वर्सं चालल्या."

"मामा, रागावू नका. यावेळी जरा जास्त स्वच्छ पाहिजे."

"आमचं काय घाण असतंय?" एवढं म्हणून ते गेले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मंगळवारी दुपारी चार वाजता साखळकर मॅडमच्या डोळ्यांसमोर मी सहा बाटल्या भरल्या. त्यांनी झाकणांवर कागदी पट्ट्या चिकटवून सह्या केल्या, बाटल्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकून गेस्ट हाऊसला गेल्या. मी निर्धास्त होते. खरंच सांगते, त्या रात्री मी मेसमध्ये दोन वाट्या शिकरण खाल्लं. आणि सकाळी ते ओघळलं.

सरांनी माझी वही मागितली, आदल्या दिवसाचं पान वाचलं, पेन हातात घेतलं. मग पेनाला टोपण लावलं आणि वही तशीच मिटून माझ्यापुढे सरकवली. सही नाही. ते मोठ्याने बोलले असते तर मी रडून मोकळी झाले असते.

साखळकर मॅडम कठोर असतील अशी माझी कल्पना होती. त्या कठोर नव्हत्या, थकल्या होत्या. खुर्चीत बसत मला म्हणाल्या, "बस. तुझ्यावर ओरडायला मी आले नाही. ओरडायचं होतं ते मी दुसरीवरच ओरडून बसले आहे."

"कुणावर?"

"नागवेणीवर. माझी विद्यार्थिनी, शिरसीची. आठ महिने हेच करत होती. एकतीस वेळा केलं तिने. पेपरात छापलंय, इथल्या मुलीला जमतं, मग तुला का जमत नाही, असं मी तिला म्हटलं. तुझे हात स्वच्छ नाहीत, असंही म्हटलं. फेब्रुवारीत ती घरी गेली, ती आलीच नाही. पत्रात लिहिते, माझे हात या कामाचे नाहीत. म्हणून मी इथवर आले. तिच्या हातात दोष आहे की तुमच्या पेपरात, एवढं मला कळायला हवं. उद्या सकाळी माझी गाडी आहे."

मी उठून बाहेर आले. कुठे जायचं ते न कळून मोरीपाशी गेले. मामा बीकर धूत होते. माझं तोंड बघून त्यांनी अबोला सोडला.

"नाही जमलं?"

"नाही."

"मी सांगू का, ताई? राग नका मानू. माझ्या हातच्या बाटल्यांत अडीच वर्सं जमलं. तुम्ही धुतल्या आणि पहिल्यांदा बिघडलं. मी काय शिकलेला नाही. पण माझ्या बाटल्यांत असं काय राहत होतं, जे तुम्ही घालवलंत?"

ते थट्टा करत होते, थोडं उट्टंही काढत होते. पण मी तिथेच मोरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. काय राहत होतं? साबण, पाणी, ॲसिटोन, ओव्हन. त्यातून काय उरेल? तळाच्या कोरलेल्या नंबराच्या खाचेत, झाकणाच्या आट्यांत, डोळ्यांना न दिसणारं काय उरेल? माझं जेलच उरेल की. आधी थिजलेल्या धाग्याचा एखादा तुकडा. आणि त्याच्या आधीच्या बाटलीत? त्याच्या आधीचा. असं मागे मागे जात मी ज्या बाटलीपाशी पोचले, तिची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

ती बाटली हॉस्टेलवर माझ्या ट्रंकेत, हिवाळी मोज्यात गुंडाळून ठेवलेली होती. अडीच वर्षं.

झालं होतं ते असं. १९९८च्या ऑक्टोबरात, दिवाळीला घरी जायच्या दिवशी, मी एका बाटलीत द्रावण बनवलं. मिरजेची गाडी सुटत होती. लेबल लावायचं राहिलं, नोंद राहिली, बाटली ड्रॉवरमध्ये पिपेटांच्या मागे सारली आणि पळाले. घरी मला कावीळ झाली. परत यायला एक्केचाळीस दिवस लागले. ड्रॉवर उघडला तर बाटलीतलं द्रावण थिजलेलं. मी ती पालथी केली आणि ते जागचं हललं नाही. आयुष्यात मी इतकी हरखले नव्हते. दुसऱ्या क्षणी मामांचा अंगठा आठवला. बिनलेबलची बाटली, तीसुद्धा सव्वा महिना, आणि वहीत अक्षर नाही. स्पॅच्युलाने जरासा तुकडा काढून बघितला, स्पॅच्युला पुसला, बाटली पर्समध्ये टाकली. मग त्याच स्पॅच्युलाने नवी पूड मोजून नवी बाटली भरली, लेबल लावलं, वहीत रीतसर लिहिलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी थिजली होती. बारा तास. मी ठरवून टाकलं की हीच पहिली. पहिलीला एक्केचाळीस दिवस लागले की बारा तास, कुणाला काय फरक पडतो? कदाचित तीही बारा तासांतच थिजली असेल आणि उगीच पडून राहिली असेल. मनाची समजूत काढायला माणसाला फार काही लागत नाही.

मी हॉस्टेलवर गेले. ट्रंक उघडली, मोजा काढला. बाटली होती. टोल्यूइन निम्मं उडून गेलं होतं, पण तळाशी पेरभर जेल होतं, दुधी, घट्ट.

परत येताना वाटेत संस्थेच्या कॅन्टीनचा पार लागतो, तिथे मी पाच मिनिटं बसले. खोटं कशाला बोलू, तिथे माझ्या मनात जे आलं ते असं : सुईच्या टोकाएवढं जेल त्या सहा बाटल्यांत कुणाच्या नकळत घालायचं. झाकणाच्या पट्ट्या मॅडमनी सकाळीच काढून टाकल्या आहेत. दुपारपर्यंत थिजेल. मग म्हणायचं, नवी काच होती, थोडा उशीर लागला, बघा मॅडम. पेपर वाचेल, प्रबंध वाचेल, सरांना ट्रंकेतलं कधीच कळणार नाही. सगळं अगदी सरळ होतं. एकच अडचण होती. मॅडम बंगलोरला जाऊन त्या मुलीला सांगणार होत्या की पुण्याला माझ्यासमोर जमलं, म्हणजे दोष तुझ्याच हातात.

मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण एकतीस वेळा सकाळी उठून बाटली पालथी करणं म्हणजे काय, ते मला त्या सकाळी सहा बाटल्यांतच कळलं होतं. मी उठले आणि सरळ सरांच्या खोलीत गेले. ते आणि मॅडम समोरासमोर बसले होते. मधे पेपर मागे घ्यायच्या पत्राचा कच्चा मसुदा होता. मी बाटली त्या कागदावर ठेवली.

"हे काय?" सर म्हणाले.

"पहिली बाटली, सर."

"पहिली वहीत आहे. सत्तावीस नोव्हेंबर."

"ती दुसरी आहे. पहिली ही."

सरांनी बाटली उचलून फिरवून पाहिली. "हिच्यावर लेबल नाही."

"नाही, सर."

मग मी सगळं सांगितलं. मिरजेची गाडी, ड्रॉवर, कावीळ, मोजा. सांगताना मी सरांच्या टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे बघत होते.

पहिल्या बोलल्या त्या साखळकर मॅडम, आणि त्यांचा थकवा कुठल्या कुठे गेला होता. "किती दिवस म्हणालीस?"

"एक्केचाळीस."

"आणि उघडलीस कशाने?"

"स्पॅच्युलाने."

"नवी पूड मोजली ती त्याच स्पॅच्युलाने? पुसला कशाने?"

"टिश्यूने."

"टिश्यूने पुसला," त्या सरांना म्हणाल्या, आणि हसायलाच लागल्या. "खरवंडीकर, अहो टिश्यूने पुसला हिने. आणि मी एका पोरीला आठ महिने रडवलं."

"मला नीट सांगा," सर म्हणाले. त्यांना कळलं होतं, पण त्यांना ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

"हिच्या चकत्या थंड होताना दोन-दोनच्या जोड्या करून बसतात," मॅडम म्हणाल्या. "जोडीत त्या खुशाल असतात, उठतच नाहीत. रांग लावायची असते हे त्यांना कळायला आधी कुठली तरी लागलेली रांग दिसावी लागते. ती आपसूक लागायला एक्केचाळीस दिवस गेले. पण एकदा लागली, की तिचा बारीक तुकडा जिथे जाईल तिथे बाकीच्या त्याच्यावर चढत जातात. तुमच्या इथे तो तुकडा हिच्या प्रत्येक बाटलीत होता, कारण तुम्ही बाटल्या फेकत नाही. आम्ही दरवेळी नवी बाटली घेतो आणि जुनी टाकून देतो."

मामा चहाचे कप घेऊन दारात उभे होते. "म्हंजे विरजण की," ते म्हणाले.

आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत राहिलो. दोन पीएचडी आणि एक होऊ घातलेली, आणि तो शब्द एकालाही सुचला नव्हता.

"विरजण धुऊन काढलं यांनी, ॲसिडने," मामा कप ठेवत म्हणाले. "मी सांगत होतो."

पण बोलून भागणार नव्हतं, करून बघायला हवं होतं. पावणेबाराला आम्ही सकाळच्याच सहा बाटल्या पुन्हा गरम करून थंड केल्या. मॅडमनी त्यांच्या हाताने सुई घेतली, माझ्या बिनलेबलच्या बाटलीतल्या जेलला टोक लावलं आणि ते तीन बाटल्यांत बुडवलं. उरलेल्या तीन बाटल्यांत नुसती कोरी सुई बुडवली. सहाही बाटल्यांना लेबलं सरांनी लावली. आणि मग आम्ही, माझी आई म्हणायची तसे, बसून राहिलो.

जेवायला कुणी गेलं नाही. मामांनी कॅन्टीनमधून पोहे आणले. मॅडमनी सरांना त्यांच्या गुडघ्याबद्दल विचारलं, सरांनी मॅडमना बंगलोरच्या पाण्याबद्दल विचारलं, दोघांनीही उत्तरं ऐकली नाहीत. मला वाटत होतं, समजा हेही खोटं ठरलं तर? मग तर ट्रंकेतली बाटलीही गेली आणि अब्रूही गेली. दर दहा मिनिटांनी मी बाटल्यांच्या स्टँडकडे बघायची, आणि प्रत्येक वेळी मॅडम म्हणायच्या, "हात लावू नकोस. हलवलंस तर मारीन."

दोन वाजता पहिल्या तीन बाटल्यांत किंचित दुधीपणा दिसला. तो मला एकटीलाच दिसतोय असं वाटून मी गप्प राहिले. सव्वादोनला मामा म्हणाले, "पांढरं धरतंय." साडेतीनला मॅडम उठल्या.

आधी त्यांनी कोऱ्या सुईच्या तीन उचलल्या. तिन्ही ओघळल्या. मग जेलची सुई लागलेल्यांपैकी एक उचलून त्यांनी सरांच्या हातात दिली. "तुम्ही करा."

सरांनी ती हळूच पालथी केली. आतलं वरच राहिलं. त्यांनी आणखी थोडा वेळ धरली, मग जरा हलवली, तरी ते वरच राहिलं. दुसरी राहिली, तिसरीही राहिली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी स्टुलावर बसून ढसाढसा रडले. मामांनी मला पाणी दिलं. ग्लास मात्र त्यांनी दोनदा विसळून दिला, माझ्याकडे बघत.

साखळकर मॅडमनी सरांच्या टेबलावरचा फोन ओढून घेतला आणि शिरसीचा नंबर फिरवला. बराच वेळ कुणी तरी कुणाला तरी बोलवायला गेलं. मग त्या कन्नडमध्ये बोलल्या. मला कन्नड थोडं येतं, मिरजेच्या निम्म्या माणसांना येतं. "वेणी, मी बोलतेय. तुझ्या हातात काही दोष नाही. ऐकतेस ना? काहीच दोष नाही. बाटल्या फार स्वच्छ होत्या, तुझ्याही आणि इथल्याही. मी तुला बोलले ते चुकलं माझं." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मॅडम फोनला कान लावून नुसत्या "हं, हं" करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ये तू. मी तुझ्यासाठी विरजण घेऊन येतेय." तो एक शब्द त्यांनी मराठीतच म्हटला.

त्या गेस्ट हाऊसला गेल्यावर खोलीत मी आणि सर उरलो. मामा दाराशी उगीच काही तरी पुसत होते.

"अडीच वर्षं," सर म्हणाले. "एवढा भीतिदायक आहे का मी?"

"मामांच्या अंगठ्यापायी, सर."

"माझा अंगठा कशाला मधे आणता?" दारातून आवाज आला.

सरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "तुला मी दाराबाहेर काढलं असतं, हे खरं आहे. सहा महिने. आणि मग ती बाटली मी मोरीत ओतली असती, आणि हे सगळं तिथेच संपलं असतं. म्हणून तू केलंस ते बरोबर ठरत नाही. पण मलाही आज झोप लागणार नाही." त्यांनी माझी वही पुढे घेतली. "प्रबंध जूनमध्ये जाणार नाही. पेपराला दुरुस्ती जाईल, तुझ्या हातची, एक्केचाळीस दिवसांसकट. त्या मुलीचं नाव त्यावर असेल. आणि याचं सहावं प्रकरण नव्याने लिहायचं."

"हो, सर."

"आता लेबल लाव."

त्यांनी ड्रॉवरमधून लेबलचा कागद काढून दिला. मी पेन घेतलं आणि अडले. "प्रमाण आठवत नाही, सर. पूड घाईत घेतली होती."

"मग तसंच लिही. जे माहीत आहे तेवढंच लिही."

मी लिहिलं : १७ ऑक्टोबर १९९८. प्रमाण माहीत नाही. नोंद केली ४ एप्रिल २००१. चा. म. लेबल बाटलीला चिकटवलं, तेच वहीतही उतरवलं, आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं.

प्रबंध पुढच्या जानेवारीत गेला. दुरुस्तीचा पेपर मूळ पेपरापेक्षा जास्त वाचला गेला. त्यावर तिसरं नाव नागवेणी हेगडेचं आहे. आज ती आणि मी दर दोन-तीन महिन्यांनी फोनवर भांडतो, बहुतेक वेळा बाटल्या धुवाव्यात की नाही यावरून. ती बाटली माझ्या स्वतःच्या लॅबमध्ये, माझ्या टेबलावर असते. नवे विद्यार्थी आले की त्यांना मी ती पालथी करायला देते, अजूनही काही हलत नाही. मग त्यांना लेबल वाचायला सांगते. शाई उडत चालली आहे, माझं अक्षर तर आता मलाही नीट लागत नाही. पण त्याखाली, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, सरांनी त्या संध्याकाळी टोपण काढून बारीक अक्षरात जे लिहिलं ते अजून स्पष्ट वाचता येतं.

"पाहिलं. द. ग. ख."